जुन्या पाण्याची किळस

माणसं पाण्यात बसून उठली की त्या पाण्याचं काय होतं, हे मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण जेवणाआधी नको. गेली सात वर्षं मी एका व्यायामोपचार केंद्रातला गरम पाण्याचा टब सांभाळते. गुडघे, कंबरा, खांदे धरलेली माणसं त्यात वीस वीस मिनिटं बसतात, पाइपांतून जोरात सुटणाऱ्या जेटचा मारा घेतात आणि "बरं वाटलं हो" म्हणत निघून जातात. मागे उरतं ते सगळं माझं. केस, कातडीचे पापुद्रे, मलमाचा तवंग, एकदा तर कुणाच्या तरी जखमेवरची चिकटपट्टी. केंद्रात सगळे मला नाकमुरडी म्हणतात. म्हणू देत. कुणाचा हात हातात आला तरी मी खिशातल्या फडक्याला हात पुसते, हेही खरंच आहे.

त्या टबात माझे वडीलही बसायचे. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांना बजावलं होतं, "दोन महिने रोज गरम पाण्यात पाय हलवायचा. कंटाळा केलात तर गुडघा आखडून बसेल, मग जन्मभर काठी."

आठवड्यापूर्वी टबाच्या कडेला एक पिवळट, चिकट पट्टा उमटला. पाण्याला दोन दिवस घातलेल्या मोज्यांसारखा वास यायला लागला. आणि घरी बघते तर अप्पांच्या पाठीवर लाल पुटकुळ्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. अप्पा डोक्याला तेल लावतात. लावतात कसलं, थापतात. उशीचे अभ्रे, खुर्चीची पाठ, भिंतीचा रंग, घरात जिथे म्हणून टेकायची सोय आहे तिथे त्यांचं डोकं उमटलेलं. लहानपणापासून मला त्या तेलाची शिसारी आहे.

दुसऱ्या दिवशी टबाजवळ तीन-चार माणसं होती. बस चालवणारे एक ड्रायव्हरसाहेब खांद्यासाठी यायचे, तेही होते. त्या सगळ्यांदेखत मी अप्पांना म्हणाले, "किती वेळा सांगायचं, अंग धुऊन येत जा म्हणून? तुमच्या तेलानं सगळं पाणी नासलं. अंगावरही उठलंय बघा. लोकांनी तुमच्याबरोबर बसायचं तरी कसं?"

 अप्पा कठडा धरून बाहेर आले, टॉवेल पाठीवर ओढून घेतला आणि गेले. त्यानंतर येणंच बंद. "माझा गुडघा ठीक आहे," म्हणायचे आणि बाथरूमला जाताना भिंत धरायचे. पाच दिवसांत पाय परत आखडायला लागला. मला ते दिसत होतं, पण मी तरी कशाची माफी मागणार? घाण त्यांचीच होती.

आज सकाळी मी टब रिकामा केला, घासून लख्ख केला आणि नवं पाणी भरलं. नव्या पाण्याला घाई चालत नाही. आधी क्षारता, कारण ती जागेवर नसेल तर पुढचं काहीच टिकत नाही. मग पीएच. सगळ्यात शेवटी क्लोरीन. दर पुडीनंतर जेट चालू करायचे, थांबायचं, कागदी पट्टी बुडवायची आणि तिचे रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचे. बारा वाजता तिन्ही रंग असे जुळले की ती पट्टी फ्रेम करून भिंतीवर लावावी. टब चार वाजता उघडणार होता. डॉक्टरबाईंनी अप्पांना स्वतः फोन केला, "पाणी बदललंय, आज नक्की या."

एक वाजता मी सवयीनं पुन्हा पट्टी बुडवली. क्लोरीनचा चौकोन पांढराफटक. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी काढली, तीही तशीच. टबात माणूस सोडा, माशीसुद्धा पडली नव्हती, आणि तासाभरात क्लोरीन गायब? काहीतरी ते खात होतं. पाण्यावर फेसाचे पुंजके धरले होते आणि तोच मोज्यांचा वास परत आला होता. मी खिशातलं फडकं नाकाला लावलं.

तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब शर्ट वर करून डॉक्टरबाईंना पाठ दाखवत आत आले. लाल पुटकुळ्या. हुबेहूब अप्पांसारख्या.

"तुम्हीही तेल थापता वाटतं," मी फणकारले.

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर औषधालाही केस नव्हता. "कुठे थापू, तुम्हीच सांगा."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "हे पाण्यातून आलंय. आठवड्यात जाईल आपोआप, पण त्या पाण्यात काहीतरी आहे. पाइप धुतलेस ना गं?"

"दर वेळी धुते. सफाईच्या कार्डावर सही आहे माझी."

सही होतीच. कपाटात पाइप धुवायच्या औषधाच्या तीन बाटल्याही होत्या. तिन्हींची सीलं शाबूत.

ते औषध जुन्या पाण्यात टाकायचं असतं. पाणी सोडण्याआधी, जेट जोरात चालू ठेवून, निदान एक तास. पाइपांच्या आत धरलेला बुळबुळीत थर सुटून वर येतो, तो जाळीनं काढत राहायचं आणि मग टब रिकामा करायचा. मला हे तोंडपाठ आहे. पण तीन महिने माणसं बसलेल्या त्या पाण्यापाशी तासभर उभं राहणं माझ्यानं होत नाही. पूर्वी करायचे, तेव्हा दोन दोन दिवस घास घशाखाली उतरायचा नाही. म्हणून मी आल्या आल्या बूच काढते, पाणी नजरेआड करते, टब घासते आणि कार्डावर 'पाइप धुतले' यापुढे सही ठोकते. मागच्या दोन्ही खेपांना तेच, आजही तेच. टब बाहेरून आरशासारखा आणि आत पाइपांमध्ये ते सगळं जिवंत, वाढत, माझ्या नव्या पाण्यावर पोसलेलं. शेण मी खाल्लं होतं आणि खापर अप्पांच्या डोक्यावर फोडलं होतं.

"बाई, नाही धुतले," मी म्हणाले. "तीनदा नाही."

डॉक्टरबाईंनी कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं. "टब बंद. आत्ता धू. बाकीचं उद्या बोलू."

मी त्या नव्या कोऱ्या पाण्यात औषध ओतलं आणि जेट सोडले. आधी नुसता फेस आला. मग पाइपांनी ओकायला सुरुवात केली. तपकिरी पापुद्रे, राखाडी लोळे, शेंबडासारखे लोंबणारे तुकडे. मी जाळीनं काढत होते आणि ते येतच होतं. पहिल्या बाटलीनं भागलं नाही, दुसरी ओतली. दोनदा बाहेर जाऊन उलटी केली आणि परत येऊन उभी राहिले. यात थेंबभरही तेल नव्हतं. मला माझीच इतकी किळस आली की आरसा असता तर पाठ फिरवली असती.

चारच्या सुमारास ड्रायव्हरसाहेब आणि त्या दिवशीचे बाकीचे परत आले आणि टब बंद म्हणून कोपऱ्यात व्यायामाला लागले. चारच्या ठोक्याला अप्पा दारात आले. मी क्षणभर ओळखलंच नाही. डोक्यावरचे केस मुळापासून कापलेले. कानामागे साबणाचा पांढरा डाग तसाच राहिलेला.

"दोनदा आंघोळ केलीय," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, कोपऱ्यात खांद्याचा व्यायाम करणाऱ्या ड्रायव्हरसाहेबांकडे बघून. "कपड्यांच्या साबणानं. आणि तेल लावायला आता काही ठेवलंच नाही. बसलो तर चालेल ना तुम्हाला?"

ड्रायव्हरसाहेबांनी मान खाली घातली. माझ्या हातातल्या जाळीतून घाण टपटपत होती.

"अप्पा, तुमचं तेल नव्हतं ते," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "घाण पाइपात होती. मी पाइप धुतले नव्हते. किळस येते म्हणून नव्हते धुतले आणि सही मात्र केली. तुमच्या पाठीवरचं माझ्यामुळे आलंय, यांच्याही. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं."

अप्पांनी टबात डोकावून पाहिलं. मग हात वर नेला आणि डोक्यावरच्या खुंटांवरून सावकाश फिरवला.

"म्हणजे हे उगाच गेलं," ते म्हणाले.

ते खुर्चीत बसले. गुडघा वाकला नाही, पाय सरळ पुढे राहिला. मी हातमोजे काढले, हात कोपरापर्यंत धुतले आणि त्यांच्यापुढे खाली बसून तो पाय मांडीवर घेतला.

"राहू दे गं," पाय ओढून घेत ते म्हणाले. "चालत आलोय. घाम आहे अंगाला. तुला नको वाटेल."

"नाही वाटत, अप्पा."

मी पाय पुन्हा मांडीवर घेतला. त्यांनी पुन्हा ओढून घेतला.