घरपोच सही

गावसभेच्या दिवशी पंपकाकांना हटकून ताप यायचा. ताप कॅलेंडर बघून येतो हे डॉक्टरांना ठाऊक नसेल, काकांच्या तापाला पक्कं ठाऊक होतं. वर्षाला चार सभा आणि चार ताप. संध्याकाळी चारनंतर उतरायचाही आपोआप, कारण तोवर कारकून यायची वेळ झालेली असे.

काकांनी गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप एकतीस वर्षं चालवला, म्हणून ते पंपकाका. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, काकू जाऊन चार. मुलगी लांबच्या शहरात. दर रविवारी फोन करून "बाबा, जेवलात का?" असं विचारते आणि उत्तर पुरं व्हायच्या आत तिला दुसरा फोन येतो. मुलगी वाईट नाही हो. तिच्या मागे तिचा संसार आहे, एवढंच.

तर तापाची गोष्ट अशी. सभेच्या रजिस्टरात तीस गावकऱ्यांच्या सह्या नसतील, तर सभा झालीच नाही असं धरतात. आणि प्रत्यक्ष येतात किती? बारा. पंखा चालू असेल तर चौदा. मग सभा संपली की कारकून रजिस्टर काखोटीला मारून दारोदार हिंडायचा आणि उरलेल्या सह्या गोळा करायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सभा पंचायतीत आणि सही घरपोच, अशी रीतच पडून गेली होती.

तीन वर्षांपूर्वी काका खरोखरच आजारी होते. कारकून सहीला आला, चहा प्यायला, पाऊण तास बसला. काकू गेल्यापासून समोरच्या खुर्चीवर कुणी बसलेलं काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या सभेला तब्येत ठणठणीत होती, तरी ते पांघरूण घेऊन पडून राहिले.

हळूहळू त्यांनी त्यात कसब मिळवलं. कारकून आला की पेन सापडायचं नाही. पेन सापडलं की चष्मा सापडायचा नाही. चष्मा काकांनीच सकाळी तांदळाच्या डब्यामागे ठेवलेला असे.

"काका, राहू द्या चष्मा. मी बोट ठेवतो, तिथं सही करा," कारकून म्हणायचा.

"अरे, घाई काय आहे? चहा तर होऊ दे. खालच्या गल्लीतल्या नळाचं काय झालं?"

मग कारकून सुरू व्हायचा. पस्तिशीचा, गप्पिष्ट गडी. नळाचा वॉशर, दिव्याचा खांब, कुत्र्यांबद्दल आलेले अर्ज, आणि शिंपिणीचं नि तिच्या जावेचं सांडपाण्यावरून जुंपलेलं भांडण. सरपंचबाईंची नक्कल तर अशी करायचा की काका हसून हसून खोकायचे. शेवटी जाताजाता, चष्म्याविना, त्याच्या बोटाखाली सही व्हायची. कशावर होतेय हे काकांनी कधी विचारलं नाही. माणूस आला होता, हे त्यांना पुरेसं होतं.

बाकीच्या तीनशे एकसष्ट दिवसांना वाचनालय होतं. पंचायतीच्या मागची एक खोली, दोन बाकं, एक वर्तमानपत्र. ते काका आणि आणखी चार म्हातारे पानं वाटून घेऊन वाचत. काकांच्या वाट्याला मधलं पान, त्यावर बाजारभाव आणि हरवलेली माणसं. बोलणं फारसं नसे. पण दारात पाऊल टाकलं की त्यांच्यातले निवृत्त गुरुजी मान वर न करता "आलात?" म्हणत. कितीतरी दिवस असे जात, की तेवढा एकच शब्द काकांशी बोलला गेलेला असे.

एका सोमवारी वाचनालयाला कुलूप दिसलं. दारावर कागद: ठराव क्रमांक चौदा. वाचनालय बंद करून खोली पाइप व खांब ठेवण्यासाठी वापरावी, असे उपस्थित गावकऱ्यांनी एकमताने ठरवले आहे.

"कोण हे उपस्थित?" काका तरातरा पंचायतीत शिरले. गुरुजी मागोमाग. "नावं दाखवा बघू!"

सरपंचबाईंनी शांतपणे रजिस्टर पुढे सरकवलं. आज चष्मा नाकावर होता. एकोणिसावी सही काकांची होती. ठसठशीत, खाली दोन टिंबं देऊन केलेली.

काकांचा चेहरा पडला. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे जगात पुष्कळ असतात, पण धोंडा मारणाऱ्याला चहा करून पाजणारे पंपकाका एकटेच.

बाहेर येताच गुरुजींनी त्यांचा दंड धरला. "मी सह्या मोजल्या. बरोबर तीस आहेत. एक गळली तर ठराव बाद. पुढच्या सभेत उभं राहायचं आणि सांगायचं, मी हजर नव्हतो, सही घरी येऊन घेतली. बस्स."

"आणि कारकुनाचं?"

"त्याची नोकरी जाईल. खोटं रजिस्टर केलं, मग जायलाच पाहिजे."

महिनाभर काका घरात येरझाऱ्या घालत राहिले. एकीकडे रोजचं "आलात?", दुसरीकडे वर्षातून चारदा पाऊण तास. हिशेब तर सोपा होता, लहान मूलही सांगेल. शिवाय गुरुजींचं काही चुकत नव्हतं. खरं बोलायचं, असं काकांनी ठरवलं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं.

सभेच्या दिवशी ताप आला नाही. काका धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. गुरुजींनी ठराव चौदाचा विषय काढला. सरपंचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पंपकाका, तुमची सही आहे. मागच्या सभेला तुम्ही हजर होतात ना?"

काका उभे राहिले. टेबलाच्या कडेला कारकून इतिवृत्त लिहायला बसला होता. काका जे बोलतील ते त्यालाच लिहायचं होतं. त्याने मान खाली घालून पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. काकांना वाटलं, या गावात माझ्या घरातल्या कपबश्या कुठे असतात हे माहीत असलेला हा एकच माणूस आहे.

"होतो," काका म्हणाले. "मागे बसलो होतो. तुमचं लक्ष नसेल."

कुणीतरी हसलं. सरपंचबाई पुढच्या विषयाकडे वळल्या. गुरुजी छत्री उचलून सभा सुटायच्या आधीच निघून गेले. ते आता आपल्याशी बोलणार नाहीत, हे काकांना त्यांच्या पाठीवरून कळलं. पण छातीवरचं ओझंही उतरलं होतं. आज कारकून येईल, त्यांना वाटलं. आज तर नक्कीच येईल, आणि पाऊण तासावर भागणार नाही.

सभा संपली. कारकून रजिस्टर घेऊन दारात उभा होता, बाहेर पडणाऱ्यांच्या सह्या घेत. काका जवळ येताच त्याचा चेहरा उजळला. डोळ्यांत पाणीही तरळलं असावं. त्याने काकांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"काका, तुमचे उपकार फेडता येणार नाहीत. आणि आज इथवर चालत आलात, केवढं बरं वाटलं. बाईंनी आता दारोदार फिरायचं बंदच करायला सांगितलंय. तुम्ही इथंच सही करा. माझी चक्कर वाचली."

काकांनी पेन घेतलं, त्याने बोट ठेवलं त्या जागी सही केली, आणि मागे माणसं खोळंबली होती म्हणून बाजूला झाले.