सुभद्राबाईची गाठ

मी पोती शिवायची मशीन बोलतेय. अकोल्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या एका गोदामात मी स्प्रिंगला टांगलेली असते. भरलेलं पोतं पट्ट्यावरून आलं, की कुणीतरी मला खाली ओढतं, बटण दाबतं आणि मी पोत्याचं तोंड शिवून टाकते. आत काय आहे हे मला कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही.

माझी मूठ अनेकांनी धरली, पण मला सवय सुभद्राबाईच्या हाताची. बाकीचे शिवण संपली की दोरा कापून मोकळे होतात. सुभद्राबाई मात्र टोकाला एक वेढा देऊन गाठ मारायची. टोक मोकळं राहिलं तर ओढताच सगळी शिवण उसवते, असं तिचं म्हणणं. सुपरवायझर किशोर तिला चिडवायचा, "सुभद्राबाई, पोतं हाय ते, लेकीची वेणी नाही."

उन्हाळ्यात दुकानांतून न विकलेलं जुनं सोयाबीन परत यायचं. शेठ ऑफिसातून हुकूम सोडायचे आणि ते नव्या पोत्यांत भरलं जायचं. हमाल इनायतुल्ला पोती उचलून पट्ट्यावर ठेवायचा, किशोर यंदाच्या तारखेचं लेबल लावायचा, सुभद्राबाई शिवायची. ते नीट उगवणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत विषय निघालाच, तर इनायतुल्ला म्हणायचा, "मी त फक्त उचलतो." किशोर म्हणायचा, "मी फक्त चिटकवतो." सुभद्राबाई खाली मान घालून भाकर मोडायची. माणसांची मला गंमत वाटते. 'फक्त' हा शब्द माझ्यासारख्या मशीनला शोभतो. त्यांनी तो कशाला उसना घ्यावा, कोण जाणे.

यंदा पेरणीला सुभद्राबाई तेल्हाऱ्याला माहेरी गेली. त्यांच्या घरी पहिली मूठ बहिणीनं टाकायची रीत आहे. तिथं काय झालं ते तिनं पुढे इनायतुल्लाला सांगितलं, म्हणून मला कळलं. धाकट्या भावानं, शेषरावनं, हळदकुंकू वाहायला तिच्यापुढे सोयाबीनचं पोतं ठेवलं. त्यावर तिचीच गाठ होती, उन्हाळ्यात मारलेली.

"बाई, तुह्या कंपनीचं हाय म्हनून डोळे मिटून घेतलं," तो म्हणाला.

सगळं घर भोवती उभं होतं. अशा वेळी अशुभ कसं बोलायचं? तिनं कुंकू लावलं, स्वतःची गाठ स्वतःच सोडली आणि मूठ टाकली.

ते रान काळंच राहिलं, काही उगवलं नाही. शेषरावनं दुबार पेरलं, पण हंगाम हातचा गेला. गावात बहिणीच्या हाताला नावं ठेवली गेली, तेव्हा त्यानंच फोन करून तिची समजूत काढली, "तुह्या हाताचा दोष नाही, बाई. पावसानं दगा देल्ला."

परवा रब्बीसाठी जुना हरभरा आला. पोतं समोर आलं, सुभद्राबाईनं मला खाली ओढलं, पण तिचा अंगठा बटणावर काही येईना. मागं पोती साचली.

"कावून थांबल्या?" किशोर ओरडला. "शेठचं पाप शेठले. आपन पगारी मानसं."

"शेषरावच्या पोत्यावर शेठची गाठ नव्हती, किशोरभाऊ. माही होती."

"अन् काम सुटल्यावर खासान काय?"

"ते मले बी समजून नाही राहिलं."

तिनं मला सोडलं. मी स्प्रिंगसरशी वर गेले. तिथंच उभ्या उभ्या तिनं भावाला फोन लावला.

"शेषराव, पावसानं दगा नाही देल्ला रे. म्या देल्ला."

तिनं फोन कानावरून काढला नाही. तसाच धरून ती दाराबाहेर गेली. इनायतुल्ला खांद्यावरचं पोतं खाली ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं ते पुन्हा उचललं.

आता मला किशोर चालवतो. हरभरा गाडीत चढतोय. मशीनला वाईट वाटत नाही म्हणतात, पण मला तो हात आठवतो. तुमच्या घरी पोतं आलं आणि दोऱ्याचं टोक मोकळं दिसलं, तर ते मी शिवलेलं असेल. मला बोल लावू नका. मला फक्त बटण आहे. अंगठा माणसाचा असतो.