चार वेळा केलेला पाय

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे मिलिमीटरताई म्हणायचे. एकदा घेतलेलं माप ती पुन्हा दोनदा घ्यायची आणि तरीही चौथ्यांदा टेप उचलायची. लोकांना त्याचं कौतुक वाटे. हा काटेकोरपणा नसून पकडलं जाण्याची धास्ती आहे, हे फक्त तिला ठाऊक होतं.

धास्ती सात वर्षं जुनी होती. नवखी असताना तिने एका म्हाताऱ्या माळ्यासाठी आपला पहिला पाय केला. माळी तो लावून उठला आणि काठी न घेता सरळ दारापर्यंत चालत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच कामाच्या जोरावर ती कायम झाली. पण त्या दिवशी सकाळी तिने एक गोष्ट पाहिली होती. मुख्य कारागीर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, तिने केलेल्या पायाचा घोटा उघडून आत एक पातळ पाचर सरकवत होते. ती दाराआड थांबली आणि काही बोलली नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मान खाली घालून उभी राहिली. लोक म्हणाले, "किती नम्र आहे पोरगी!"

मास्तर निवृत्त होताना तिचंच नाव सुचवून गेले. त्यांच्या खुर्चीत बसताना तिला दुसऱ्याच्या चपला घालून निघाल्यासारखं वाटलं.

मुख्य म्हणून तिच्याकडे आलेली पहिली पेशंट होती एक बस कंडक्टर. पन्नाशीची, तोंडाची फटकळ. अपघातात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. "दहा आठवड्यांनी डेपोत तपासणी आहे," ती म्हणाली. "चालून दाखवलं तर माझी बस मला परत. नाही तर खिडकीत बसून पास वाटायचे. मला बसायला आवडत नाही हो, ताई."

तिसऱ्या आठवड्यात पाय तयार झाला. कंडक्टरबाई दोन फेऱ्या मारून आल्या आणि खूश झाल्या. "झकास! घालूनच जाते."

ताईने पुन्हा टेप हातात घेतली. मास्तरांना यात नक्की काहीतरी चुकीचं दिसलं असतं, आणि आता मागून पाचर सरकवणारं कोणी नव्हतं. ती म्हणाली, "नको. वाटी थोडी सैल वाटतेय. नवीन करू." उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, ती तिने पहिला पाय कपाटात ठेवून नव्याने घडवली. मग घोटा बदलला. मग प्लास्टरचा साचाच नव्याने घेतला. कंडक्टरबाई दर वेळी कुबड्या घेऊन यायच्या, हातावर पडलेले घट्टे चोळायच्या आणि म्हणायच्या, "तुम्हाला कळतं त्यातलं. तुम्ही म्हणाल तसं."

चौथा पाय हातात पडला तेव्हा तपासणी होऊन चार दिवस उलटले होते. कंडक्टरबाई कुबड्यांवरच गेल्या होत्या, आणि नापास झाल्या होत्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "माझंच नशीब. तुम्ही तरी किती राबलात!"

ताईला ते शब्द अंगावर गरम पाणी पडावं तसे लागले. बाई गेल्यावर तिने कपाटातून पहिला पाय काढला, चौथ्याची मापं कार्डावरून घेतली आणि एकेक ताडून पाहिलं. फरक केसाएवढासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या घरी गेली. मास्तर बाल्कनीत मोडका रेडिओ उघडून बसले होते. तिने आधी सात वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. 

"कुठला माळी?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही पाचर घातली होती, मास्तर. मी पाहिलं."

"घातली असेल. मी सगळ्यांच्याच कामात हात घालायचो, वाईट खोड होती ती." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सात वर्षं तू खटला चालवतेयस आणि मी साक्षीदार आहे हे मला आज कळतंय?"

तिला हसू आलं नाही. मग तिने कंडक्टरबाईंचं सांगितलं, आणि मास्तरांचा चेहरा बदलला.

"पहिला पाय घालून ती चालली?"

"चालली."

"दुखतंय म्हणाली?"

"नाही. झकास म्हणाली."

"मग तू कोणाचं ऐकत होतीस?"

मास्तरांनी रेडिओ बाजूला सारला.

"शंका सगळ्यांनाच येते. मला तर शेवटच्या दिवसापर्यंत येत होती," मास्तर म्हणाले. "पण ती आली की ज्याचा पाय आहे त्याला विचारायचं, स्वतःच्या भीतीला नाही. माळ्याचं सोड. त्या बाईचं मात्र तुझ्याकडून नुकसान झालंय. ते निस्तर."

तिने डेपोला पत्र लिहिलं : पाय तिसऱ्या आठवड्यातच योग्य होता, उशीर सर्वस्वी माझ्यामुळे झाला. पत्र पाठवण्याआधी ती कंडक्टरबाईंच्या घरी गेली आणि ते त्यांना वाचून दाखवलं.

कंडक्टरबाईंनी पत्र हातात घेऊन स्वतः एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच सात आठवडे कुबड्यांवर?"

"हो."

"लोकांना पायावर उभं करायची नोकरी, आणि स्वतःच लटपटता होय!" त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "मला तुमचा राग आलाय. आजच्या आज जाणार नाही तो."

"जायला नकोच," ताई म्हणाली.

डेपोने नियमावर बोट ठेवलं, तपासणी सहा महिन्यांनी. तोवर कंडक्टरबाई खिडकीत बसल्या. पुढच्या वेळी त्या पास झाल्या, पण वीस वर्षांचा त्यांचा मार्ग दुसऱ्याला गेला होता; त्यांना शहराबाहेरची लांबची फेरी मिळाली. ते काही ताईला परत आणून देता आलं नाही, आणि ही टोचणी तिने मनातून काढायचा प्रयत्नही केला नाही.

कार्यशाळेत ती आता माप दोनदा घेते. हात तिसऱ्यांदा टेपकडे जातोच. तेव्हा ती टेप खिशात टाकते, समोरच्या माणसाशेजारी स्टूल ओढून बसते आणि विचारते, "कसं वाटतंय? खरं सांगा."

आणि तो सांगेपर्यंत थांबते.