हात न लावता

"मागून नाही, पुढच्या दारानं ये!" आतून ओरेस्ट म्हातारा ओरडला.

देल्फिन मागच्या पायरीवर बुटांचा बर्फ झटकत उभा होता. चार वर्षं तो याच दारानं आत जात होता, स्वतःच्या किल्लीनं. गेल्या आठवड्यात ती किल्ली त्यानं म्हाताऱ्याच्या मुलीच्या, लेस्याच्या, हातात परत ठेवली होती. विनिपेगच्या त्या गल्लीत घरची माणसं मागनंच ये-जा करतात. पुढचं दार पाहुण्यांचं, आणि या घरी पाहुणे फिरकत नसल्यामुळे थंडीनं ते चौकटीला घट्ट चिकटून बसलेलं.

तो घराला वळसा घालून पुढे गेला. आतून म्हातारा दार ओढत होता आणि धापा टाकत होता.

"ओरेस्ट सर, मी बाहेरून ढकलू का?"

"खबरदार हात लावलास तर! तेसुद्धा काम धरतील ते सरकारी मेले!"

शेवटी दार उघडलं. म्हाताऱ्यानं शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती, छातीवर सुपाचा डाग होता आणि हनुवटीवर आठवडाभराचे पांढरे खुंट. देल्फिनचा हात आपोआप त्या बटणांकडे गेला. अर्ध्यातूनच त्यानं तो मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला.

"बस. सोफ्यावर बस. पाहुणा आहेस तू," ओरेस्ट म्हणाला.

देल्फिन गुमबान हा इलोइलोजवळच्या कोळ्यांच्या गावचा, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, फिरवणं हा त्याचा पोटाचा उद्योग. आधी तैवानात, मग इथं. बायको मरिव्हिक आणि मुलगी जेसा गावीच. तिघांच्या पीआरचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज आत जाऊन बरेच दिवस झाले होते. तपासण्या झाल्या, पोलिसांचे दाखले झाले, आता नुसती वाट पाहणं उरलं होतं. आणि नेमकं तेव्हाच त्याचं वर्क परमिट संपलं.

चूक त्याचीच. पासपोर्ट जितका चालेल तितकंच परमिट मिळतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण त्याच्या देशाच्या वकिलातीची माणसं शहरातल्या चर्चच्या तळघरात येऊन बसली तेव्हा त्यानं दिवसभर रांगेत उभं राहून पासपोर्ट नवा करून घेतला, त्या आनंदात बरोबर राहणाऱ्या सगळ्यांना नूडल्स रांधून घातल्या आणि आता परमिटही आपोआप पुढे सरकलं अशा समजुतीत निर्धास्त झोपला. लेस्याबरोबरचा करार पुढच्या वर्षापर्यंत होता. तो तेवढा त्यानं नीट वाचला होता. परमिट मात्र जुन्या पासपोर्टाच्या तारखेला गपचूप मेलं. त्याच्या माणसांत ही चूक दर घरात एकानं तरी केलेली असते, आणि नंतर इतरांना शहाणपण शिकवायलाही तोच सगळ्यांत पुढे असतो.

तारखेआधी अर्ज गेला असता तर उत्तर येईपर्यंत काम करता आलं असतं. आता परमिट परत मिळावं म्हणून अर्ज टाकायचा, देशात थांबायचं, पण कामाला हात लावायचा नाही. पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही. पकडला गेला तर परमिटबरोबर पीआरही जाणार, त्याचं एकट्याचं नव्हे, मायलेकींचंही.

मरिव्हिकनं फोनवर बजावलं होतं, "तुला राहवायचं नाही, मी ओळखून आहे. म्हाताऱ्याला भेटायला जायचं तर जा. पण हातावर बस. थट्टा नाही करत, खरंच हात खाली घालून बस."

लेस्यानं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती बँकेत नोकरी करायची आणि हा आठवडा तिनं कसाबसा रेटला होता.

"तुझ्या जागी एजन्सीची बाई आली होती. टाटोंनी तिला साबणाची डबी फेकून मारली." वडिलांना ती टाटो म्हणायची.

"लागलं का तिला?"

"नाही रे, नेम कुठे राहिलाय त्यांना! पण असंच चाललं तर वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. मी नाव घालून आलेय." ती जवळ आली. "देल्फिन, तू उद्यापासून ये. मी रोख देईन. या गल्लीत कोण बघतंय?"

हो म्हणावं असं त्याला फार वाटलं. जेसाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, आणि इकडे खोलीचं भाडं थांबत नव्हतं. पण त्याहून जास्त वाटलं ते त्या सुपाच्या डागामुळे. त्याच्या हाताखाली असताना म्हाताऱ्याच्या अंगावर असा डाग कधी वाळला नव्हता.

"नको, मॅडम."

"एक आठवडा तरी. त्यांचं तुझ्याशिवाय होत नाही रे."

"माहीत आहे. माझंही होत नाहीये. पण एकदा हात लावला की मला थांबता यायचं नाही."

लेस्या रडकुंडीला आली आणि मग चिडली. "मग बसा दोघं एकमेकांची तोंडं बघत," असं म्हणून ती गाडीची किल्ली उचलून सामान आणायला निघून गेली.

देल्फिन बाहेर आला तर म्हातारा वॉकर धरून उभाच होता.

"कान शाबूत आहेत माझे. वृद्धाश्रम म्हणाली ना?"

देल्फिननं मान डोलावली.

"चल न्हाणीत. दाढी करायचीय."

"सर, मला नाही—"

"तुला कोण म्हणतंय कर म्हणून? मी करतो. तू नुसतं तोंडानं सांग. बोलण्यावर अजून बंदी नाही ना आली?"

देल्फिन टबाच्या काठावर बसला आणि त्यानं खरोखरच दोन्ही हात मांड्यांखाली घातले. म्हाताऱ्यानं वॉकरला पोट टेकवून आरशासमोर उभं राहत फेस लावला; गालावर थोडा, कानात बराच. वस्तरा धरलेला हात लटलट कापत होता.

"आधी गाल. गाल फुगवा."

"फुगवलाय."

"तो दुसरा फुगवलात, सर."

म्हातारा हसला आणि फेस आरशावर उडाला. "रेल्वेत असताना मी धावत्या डब्यावर उभा राहून दाढी करायचो, ठाऊक आहे?"

"रेल्वेतल्या सगळ्याच गोष्टी तुम्ही धावत्या डब्यावर करायचात. हळू. हनुवटीखाली वर नका ओढू, वरून खाली या... सर, खाली—"

रक्त आलं. थोडंसंच होतं, पण पांढऱ्या फेसात ते फार लाल दिसलं. देल्फिन ताडकन उठला, टॉवेलपर्यंत पोचलाही.

"बस!" म्हातारा आरशातूनच गरजला. "तुझ्या पोरीचं वाटोळं माझ्या दाढीपायी करू नकोस. बस खाली!"

देल्फिन बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात बाहेर काढायचीही त्याला भीती वाटत होती. म्हाताऱ्यानं कागदाचा तुकडा फाडला. पहिला खाली पडला, दुसरा कसाबसा जखमेवर चिकटला. मग त्यानं उरलेली दाढी पुरी केली. वेळ बराच लागला. डाव्या जबड्याखाली खुंटांचा एक पट्टा राहून गेला. तो देल्फिननं पाहिला आणि तसाच राहू दिला.

लेस्या पिशव्या घेऊन परतली तेव्हा ओरेस्ट आपल्या खुर्चीत बसलेला होता, हनुवटीवर कागद लावून.

"त्या साबणवाल्या बाईला फोन कर," तो म्हणाला. "उद्या ये म्हणावं."

लेस्या पिशव्या धरून तशीच उभी राहिली. "परत मारणार तिला?"

"माफी मागेन. अंघोळही घालू दे. ती नसली तर हा वेडा कधीतरी मागच्या दारानं घुसेल, आणि मग त्याच्या बायकोपोरीला तिकडेच बसावं लागेल. हे पाप मला नको."

देल्फिनला हायसं वाटलं. पण म्हाताऱ्याला कुठलं पाणी किती कढत लागतं, कुठल्या खांद्याला धरलेलं खपत नाही, हे सगळं आता दुसरं कुणी शिकणार होतं. पीआर आलं तरी ही जागा त्याच्यासाठी थांबेल असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नाही.

निघताना म्हातारा वॉकर ढकलत दारापर्यंत त्याला पोचवायला आला. देल्फिननं बूट घातले, कोट चढवला. त्याच्या गावी थोरांचा निरोप घेताना त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावतात. नोकरीच्या घरी त्यानं ते कधीच केलं नव्हतं. पगार घेणाऱ्यानं तसं केलं तर लांगूलचालन वाटेल, असं त्याच्या मनात यायचं. आता तो या घरचा नोकर नव्हता.

"सर, हात द्या जरा."

ओरेस्टनं काही न कळून हात पुढे केला. देल्फिननं वाकून त्या हाताची मागची बाजू कपाळाला टेकवली आणि डोळे मिटले.

म्हाताऱ्याला ही रीत कुठली ठाऊक असायला! त्यानं हात सोडवून उलटा केला आणि तळवा देल्फिनच्या कपाळावर दाबून धरला.

"ताप नाहीये तुला," बराच वेळ अंदाज घेऊन तो म्हणाला. "पण बाहेर गारठा आहे. टोपी घाल."

देल्फिननं खिशातून टोपी काढून कानांवर ओढली, आणि म्हाताऱ्याचं समाधान होईपर्यंत त्याच्यासमोर तसाच उभा राहिला.