माझ्या पोटातलं लाल फ्लॅनेल

मी गिटार बोलतेय. यात नवल काय, असं तुम्ही म्हणाल; गिटारचं कामच ते. पण आयुष्याची पहिली चार वर्षं मी पडद्यावर हजारो लोकांसमोर मिरवले आणि एकदाही माझा आवाज कुणी ऐकला नाही. माझ्या पोटात लाल फ्लॅनेलचं फडकं कोंबलेलं होतं. त्या फडक्याहूनही जास्त जागा अडवून बसला होता तो मत्सर. आता वय झालं, लपवायचं कुणापासून?

माझा जन्म शिकागोतल्या एका कारखान्यातला. अंगाला काळाभोर रंग, कडेने शिंपल्याची नक्षी, पोटावर लाल डोंगर, निवडुंग आणि मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. मानेवर शिंपल्याच्याच अक्षरांत एक नाव होतं, डस्टी लॅरिमोर. खोक्यातून हॉलिवूडला पोचले तेव्हा मला वाटलं होतं, आता सगळं जग आपल्या तारांवर डोलणार.

डस्टी म्हणजे आमच्या गाणाऱ्या काऊबॉयपटांचा नायक. सहा दिवसांत एक चित्रपट उरकायचा आमचा कारभार. त्यात दरोडेखोर, एक भोळी मुलगी, तिच्या बापाचं कुरण आणि दर दहा मिनिटांनी गाणं. डस्टी दिसायला राजबिंडा. पण जन्म ओहायोतल्या चपलांच्या दुकानात गेलेला. घोडा नुसता शिंकला तरी हा दचकायचा. जवळून चित्रण असलं की त्याला पिंपावर बसवायचे आणि दोन माणसं खालून ते पिंप हलवायची. गाण्याचं तर विचारूच नका.

गाणं गायचा ऑर्व्हल टिडवेल. हा ओक्लाहोमाचा, खराखुरा गुरांमागे हिंडलेला, लांबोडक्या तोंडाचा माणूस. तो स्टुडिओतल्या बंद खोलीत आधी गाऊन ठेवायचा, मग बाहेर उन्हात त्याची तबकडी लावायची आणि डस्टीने नुसते ओठ हलवायचे. पडद्यावर ऑर्व्हलचं नाव नाही. तोही असायचा चित्रात, शेकोटीभोवती बसलेल्यांत तिसरा. पण त्याला सक्त ताकीद होती की गाणं चालू असताना तोंड मिटून बसायचं. सवयीने ओठ हलले तर घोटाळा व्हायचा.

पहिल्याच दिवशी तबकडी सुरू झाली आणि डस्टीने मला खाडखाड वाजवलं. त्याला एक सूर धड लावता येत नव्हता. माझा तो भेसूर आवाज ऐकून त्याचे ओठच चुकले.

"अरे, गप्प करा ती गिटार कुणीतरी!" दिग्दर्शक हॅनिगन ओरडला.

कपडे आणि सामान सांभाळणारी मेबल धावत आली. तिने एका फाटक्या लाल शर्टाचं फ्लॅनेल फाडलं आणि बोटाने ढकलून ढकलून माझ्या पोटात भरलं. "झालं हो! आता हिचा बाप आला तरी बोलणार नाही," ती म्हणाली. सगळे हसले. मी तेव्हापासून मुकी.

आणि गाणाऱ्या खोलीत कोण वाजायची? हॅटी! ऑर्व्हलची जुनी गिटार. रंग उडालेला, पुढच्या अंगावर ऑर्व्हलच्या बुटाच्या टाचेला असलेल्या, घोड्याला टोचायच्या आरीचा वीतभर ओरखडा, एक खुंटी हाडाची कोरून बसवलेली. ऑर्व्हलने तिला कुणा गुराख्यांच्या स्वयंपाक्याकडून खोगिराखालची घोंगडी देऊन घेतलं होतं. असली ही बया, आणि आवाज तिचा! चित्रगृहात लोक माझ्याकडे बघायचे आणि डोळे पुसायचे तिच्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तसा मला डस्टीच्या घोड्याचाही राग यायचा. पोस्टरवर डस्टीच्या खालोखाल त्या घोड्याचं, सुलतानचं नाव, ते नायिकेच्याही वर! पण घोडा निदान स्वतःच्या पायांनी धावायचा. हॅटीचं मात्र मला सहन व्हायचं नाही. काम झालं की ऑर्व्हल तिला आपल्या शर्टाच्या बाहीने पुसायचा. मला मेबल झटकणीने झटकायची, टोप्या झटकतात तशी.

मग लोन पाइन गावाबाहेरच्या चित्रणाचा तो दिवस आला.

तिथल्या गोल गोल खडकांत आमचं शेवटचं दृश्य होतं. डस्टी खडकावर बसून गातो आणि रुसलेली मुलगी परत येते. दुसऱ्या दिवशी ती जागा दुसऱ्या कंपनीला दिलेली होती, म्हणजे काय ते त्याच दिवशी उरकायचं. आमच्यात सगळ्यांना धाक एकाच गोष्टीचा, तो म्हणजे धुळीचा. तबकडीवर धूळ बसली की गाणं खरखरतं. म्हणून मेबलने सकाळीच तबकडी गाडीत ठेवली, शेजारी, ऑर्व्हल जाईल तिथे सोबत न्यायचा ती हॅटी ठेवली, आणि गाडीच्या सगळ्या काचा घट्ट वर केल्या. वर त्यांच्या फटींत ओलं कापड दाबलं. धुळीचा कण म्हणून आत शिरला नाही. ऊन मात्र दुपारपर्यंत आत कोंडून राहिलं.

दोन वाजता गाडी उघडली तेव्हा तबकडी पापडासारखी वाकडी झालेली. आणि हॅटीचा सरस वितळून तारा धरणारी पट्टीच उखडली होती. तारा लोंबत होत्या. मेबल ती वाकडी तबकडी दोन्ही हातांनी सरळ करू लागली.

"मी धूळ जाऊ नये म्हणून केलं हो," ती म्हणत राहिली.

ऑर्व्हलने हॅटीला उचललं. मी, खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात नाचले.

हॅनिगनने उन्हाकडे पाहिलं. "ऑर्व्हल, तू खडकामागे बस. माइक तिथे लावतो. तू गा, हा ओठ हलवेल."

"वाजवू काय? माझं कपाळ?"

"ती रंगीत घे."

"मग मी काय हातात धरू?" डस्टी म्हणाला.

"त्याची धर. पट्टी दोऱ्याने बांधा. लांबून कळत नाही."

"ही भिकारडी पेटी? अहो, लोक हसतील मला!"

"घोड्यावर बसतोस तेव्हा हसतात ते वेगळं," ऑर्व्हल म्हणाला, आणि त्याने दोन बोटं माझ्या पोटात घालून ते लाल फडकं ओढून काढलं.

खडकामागे त्याने मला मांडीवर घेतलं. तारा लावल्या, कान माझ्या अंगाला टेकवून ऐकलं. मग तो गायला आणि मी वाजले. चार वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. समोर कॅमेऱ्याच्या गाडीवरचा माणूससुद्धा वळून खडकाकडे बघू लागला. मला वाटलं, जिंकले! आता बघू, हॅटीबाई.

चित्रपट लागला. गाणं गाजलं. आणि पत्रं आली, पोत्यांनी आली. सगळ्या पत्रांत एकच. डस्टीच्या हातातली ती ओरखडेवाली गिटार किती खरी वाटते, तिचा आवाज कसा काळजाला हात घालतो, तो ओरखडा कसा पडला, बाणाने का? माझा आवाज, आणि कौतुक तिचं! मी वाजत होते तेव्हा लोकांना ती दिसत होती. देव तरी किती चेष्टा करतो पाहा.

स्टुडिओने ठरवलं, यापुढे डस्टीच्या हातात हॅटीच. चार स्क्रू मारून तिची पट्टी बसवली. मेबलने माझ्या पोटातलं तेच लाल फ्लॅनेल तिच्या पोटात कोंबलं. ऑर्व्हलला सांगितलं, तू ही रंगीत घे आणि गात जा.

"ती माझी आहे," ऑर्व्हल म्हणाला.

"पडद्यावर डस्टीची आहे," हॅनिगन म्हणाला. "लोकांना आता काय सांगू?"

अशी आमची अदलाबदल झाली. मला हवं होतं ते सगळं मिळालं. गाणारी खोली, ऑर्व्हलची बोटं, त्याच्या शर्टाची बाहीसुद्धा. पण गाताना त्याचे डोळे मिटलेले असायचे, आणि मला पक्कं ठाऊक होतं की मिटल्या डोळ्यांपुढे कोण आहे. आवाज मिळाला तरी माझ्या पोटातलं दुखणं गेलं नाही.

पुढे गाणाऱ्या काऊबॉयांचा जमाना सरला. डस्टी मोटारी विकायला गेला. जाताना त्याने हॅटी आपलीच म्हणून एका संग्रहालयाला दिली. ऑर्व्हल मला घेऊन बेकर्सफील्डला आला. चर्चमधली जेवणं, धान्याच्या दुकानापुढचा कट्टा, पुतणीचं लग्न, आम्ही तीस वर्षं गात राहिलो. माझ्या पोटावरचा घोडा घासून घासून आधी लंगडा झाला, मग नाहीसाच झाला.

परवा संग्रहालयाचं पत्र आलं. रंगीत गिटार तुमच्याकडे आहे असं कळलं, घेऊन याल का? ऑर्व्हलने त्याच दिवशी मला पेटीत घातलं. त्याने नवा शर्ट घातला होता. मला सगळं कळून चुकलं. तो मला देऊन तिला आणणार. रस्ताभर मी पेटीत गार पडले होते.

हॅटी काचेमागे होती. खाली पाटी होती, ‘डस्टी लॅरिमोर यांची लाडकी गिटार. हिच्या आवाजाने एका पिढीला रडवलं.’

"हा ओरखडा माझ्या आरीचा," ऑर्व्हल तिथल्या तरुण बाईंना म्हणाला. "ही माझी, पोरी." आणि त्याने सगळी हकिगत सांगितली.

त्या बाई, मिस फेल्प्स, शरमेने लाल झाल्या. "मिस्टर टिडवेल, आम्हाला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही हिला घेऊन जा ना. ती रंगीत आम्हाला द्या. नाहीतरी नाव तिच्यावर आहे, इथे तीच शोभेल."

त्यांनी हॅटीला काढून त्याच्या हातात दिलं. माझी पेटी शेजारच्या टेबलावर उघडी. तो तिच्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, संपलं आपलं.

"नको," तो म्हणाला. "तीस वर्षं मी हिच्याबरोबर गायलोय." त्याने बोट माझ्याकडे केलं. "एवढ्या काळात बायकोची सवय होते, ही तर गिटार आहे. हॅटीला राहू दे इथे. लोक बघायला येतात, तिचं बरं चाललंय. फक्त एक करू दे मला."

त्याने दोन बोटं तिच्या पोटात घातली आणि ते लाल फडकं हळूहळू बाहेर ओढलं. विटलेलं, चुरगळलेलं. मिस फेल्प्स बघतच राहिल्या. त्याने माझी एक तार छेडून ऐकली आणि हॅटीला माझ्या सुराला लावलं. मग तिच्यावर एकदाच, सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

ती किती सुरेल होती! आणि मी, मला कुणी हात लावला नव्हता, तरी माझ्या सहाही तारा पेटीतल्या पेटीत आपोआप घुमू लागल्या. मी थांबवणार होते, शपथेवर सांगते. जमलं नाही. तिचा सूर विरला तरी माझ्यात तो अजून चालू होता.

ऑर्व्हलने मान तिरकी करून ऐकलं. "ऐक, पोरी," तो म्हणाला, "दोघी गातायत त्या."

आता मी त्याच्या स्वयंपाकघरात खुंटीवर असते. ते लाल फडकं त्याने टाकलं नाही, त्याच फडक्याने तो मला रोज पुसतो. दर नाताळाला तो हॅटीला भेटायला जातो आणि मला नेत नाही. तेव्हा थोडं पोटात दुखतं, नाही म्हणत नाही. पण तुमच्या घरात कुठे एखादी गप्प गिटार असेल, तर तिला नुसतं झटकू नका. आधी तिच्या पोटात दोन बोटं घालून बघा.