बुधरीबाईची मुळी काऊन कुजली

"हिरवी झाली! हिरवी झाली!"

मोहाच्या झाडाखाली आम्ही गावातली दोनशे माणसं ओरडत होतो. देवीमायचा भगत म्हणवणाऱ्या बाबाच्या तळहातावर ऑर्किडची मुळी होती, जंगलात झाडाच्या सालीवर लोंबते ती, हाडासारखी पांढरी. त्यानं तीर्थ शिंपडलं, डोळे गरगरवले, आणि मुळी सगळ्यांदेखत हिरवी झाली.

"माय जागी हाये!" बाबा गरजला. "आता घरोघरची झाडं आणा. जिची मुळी कुजली, तिनंच पोरं खाल्ली!"

पंधरा दिवसांत तीन पोरं तापानं गेली होती. बाबानं एकालाही दवाखान्यात नेऊ दिलं नव्हतं. 'पोराले दवाखान्यात न्या' असं दारोदार सांगणारी एकटी बुधरीबाई. आठ दिवसांपूर्वी बाबानं घरोघरी ऑर्किड वाटलं, तेव्हा तिच्या दारात तो जरा जास्तच थांबला होता.

एकेक झाड पुढं आलं. ज्या एका मुळीवर तीर्थ पडे, तेवढी हिरवी होई. शेवटी बुधरीबाईनं बरणी आणली. झाकण उघडताच घाण वास सुटला. मुळ्या काळपट, लिबलिबीत. तीर्थ शिंपडलं. काहीच झालं नाही.

ओरडा थांबला. डोमाभाऊनं कुंपणातली काठी उपसली. त्याची नात गेली होती, आणि घरी नातू तापानं फणफणत होता.

"लेकरावानी सांभाळली जी," बुधरीबाई पुटपुटली.

"थांबा!" शाळेच्या संघप्रिया मॅडम गर्दी कापत आल्या. हातात हापशीच्या पाण्याचा लोटा. त्यांनी डोमाभाऊच्याच झाडाची दुसरी, पांढरी मुळी धरली. "बे एके बे, बे दुणे चार..." पाणी पडलं. मुळी हिरवी!

"काय बाबा, पाढ्यानंही माय जागी होते काय?"

"कोप होईल!"

"होऊ द्या माझ्यावर. या मुळीची वरची साल स्पंजासारखी असते. सुकली की पांढरी दिसते, पाणी प्यायली की आतला हिरवा रंग दिसतो. माझ्या ओसरीत अशी सहा झाडं सालीवर बांधलीत. सकाळी भिजवते, दुपारपर्यंत सुकू देते. मुळीला वारा लागतो, नाहीतर ती कुजते. डोमाभाऊ, तुमची कुठं ठेवली होती?"

"आढ्याले टांगली. बाबानंच सांगतलं."

"आणि बुधरीबाई?"

"मले बरणी देल्ली त्यानं. म्हणे, रोज तोंडोतोंड पाणी भर, झाकण घट्ट लाव. तुह्यावर मायची खास मर्जी हाये."

मर्जी! बाईला मारायचं आठ दिवसांआधीच ठरलं होतं. जल्लाद मात्र आम्ही.

बाबा मोटरसायकलकडं सरकला. गर्दीतल्या बायनाबाईनं चावी आधीच काढून कमरेला खोचली होती. "बस इथीच. पोलिसाले फोन केला, येतेत."

डोमाभाऊच्या हातातली काठी तशीच होती. "मंग माह्यी नात?"

"तापच होता तो. रक्त तपासायला पाहिजे होतं, भाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या.

बुधरीबाईनंच त्याच्या हातातली काठी काढली. "रडशीन मंग. नातवाले उचल. चाल दवाखान्यात."

पोरगा वाचला. ती तीन परत येणार नाहीत. म्हणून सांगतो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडू नका, लोटाभर साधं पाणी घ्या आणि तेच करून पाहा. आणि कोणी बाईकडं बोट दाखवलं, तर आधी आपल्या हातात काय आहे ते बघा.