न कापलेल्या चोची

चितेगावच्या हॅचरीत माझं काम चोची कापायचं. आठ दिवसांचं पिल्लू मुठीत धरायचं, डोकं अंगठ्यानं दाबायचं आणि चोच लाल तापलेल्या पात्याखाली द्यायची. चर्र होतं, शिंग जळाल्यासारखा वास सुटतो, पिल्लू पाय झाडतं. लगेच दुसरं घ्यायचं. चार वर्षं हेच. तो वास माझ्या साडीला यायचा, म्हणून सासरे मुंजाबा ताट घेऊन ओट्यावर जेवायला बसायचे. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, मुक्या जिवाचं तोंड जाळणं त्यांना पाप वाटायचं. सुनेच्या पगाराचं पीठ मात्र पचायचं.

मलाही ते काम नकोच होतं. घरी कोंबड्या पाळायच्या आणि अंडी सुरू झाली की हॅचरी सोडायची, असं ठरवून मी नव्वद पिल्लं आणली. सुपरवायझर राजेंद्र म्हणाला, चोची कापून ने, दाटीत एकमेकींना फाडतात. मी ऐकलं नाही. लोकांच्या हजारो कापल्या, माझ्या घरच्या तरी शाबूत राहू देत. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, त्या दिवशी सून पहिल्यांदा माणसात आल्यासारखी वाटली. कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरायच्या, त्यामुळे भांडणं झाली नाहीत. चार महिन्यांत अंड्यावर आल्या, तेव्हा मी राजेंद्रला सांगून ठेवलं, महिनाअखेर काम सोडते, माझ्या जागी दुसरी बघा.

पण त्या शेजारच्या सांडूच्या कोंबड्यांत मिसळायला लागल्या. मामांनी धनगरी इलाज काढला. मेंढरांना करतात तशी खूण करायची, पाठीवर लाल पट्टा. शनिवारी मी कामावर असताना त्यांनी एकेक धरून सगळ्या रंगवल्या आणि रंग वाळेपर्यंत जाळीच्या खुराड्यात कोंडल्या. लाल दिसलं की कोंबडी टोचते, हे मेंढरं राखणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही.

पाच वाजता फाटकातूनच कोंबड्यांचा कालवा ऐकू आला. खुराड्यात पाठी सोलून निघाल्या होत्या. एकीचं आतडं दोघींनी धरून ताणलं होतं आणि ती अजून चालत होती. रंग कुठला नि रक्त कुठलं, कळत नव्हतं. मामा आत उभे राहून काठी चालवत होते. ज्या काठीनं कधी मेंढराला मारलं नाही, तिच्याखाली कोंबड्यांची डोकी फुटत होती.

"शीला, एकमेकीला खायल्यात गं ह्या," ते म्हणाले.

मी काठी हिसकावली आणि सासऱ्याला जाळीवर ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. फाटलेल्यांच्या माना मी पिरगळल्या, एकामागून एक, मनगटं दुखेपर्यंत. उरलेल्या, जी पाठमोरी होईल तिच्यावर तुटून पडतच होत्या. मग मी चूल पेटवली, विळा निखाऱ्यांत घातला आणि मामांच्या पानाच्या पिशवीतून अडकित्ता काढला.

"धरा, मामा. डोकं घट्ट धरा."

त्यांनी धरलं. अडकित्त्यानं चोच कापायची, तापल्या विळ्यानं डागायची. पिल्लाची चोच नखासारखी असते, मोठ्या कोंबडीच्या चोचीतून मात्र चिळकांडी उडते. मामांच्या मिशांवर रक्त उडालं. पहिल्या दहा धरताना ते तोंड फिरवत होते. विसावीपासून ते मी मागायच्या आत पुढची पुढं करू लागले. काही त्यांच्या हातातच गेल्या, त्या त्यांनी न बघता मागं टाकल्या.

दिवस मावळेपर्यंत एकतीस उरल्या. मान खाली घालून गप्प उभ्या होत्या. मामांनी हात धुतले, माझ्याही हातावर पाणी घातलं.

"शांत झाल्या की लगेच," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला कापूनच आण. नायतर आपण घरीच कापू, जमतंय आता."

त्यांनी माझ्यावर खेकसायला हवं होतं. ते समाधानानं बोलत होते. त्या रात्री ते माझ्या शेजारी बसून पोटभर जेवले. मी माझं ताट तसंच बाजूला सारलं.

सोमवारी मी राजेंद्रला सांगितलं, माझ्या जागी कुणाला घेऊ नका, मी काम सोडत नाही.